मांडीवर मोजलेली नजर

सकाळपासून एकोणीस बाळं तपासून झाली होती आणि हेमलता शिंत्रेच्या कमरेने केव्हाच राजीनामा दिला होता. अंगणवाडीच्या खोलीत पंखा होता, पण तो फिरताना एवढा खडखडायचा की बाळं दचकून रडायची. म्हणून पंखा बंद. रडणारं बाळ यंत्राला चालत नाही. घामाने भिजलेली दृष्टिसेविका मात्र चालते. गेली सहा वर्षं ती घाटमाथ्यावरच्या एकतीस गावांत हेच काम करत होती, आणि निवृत्तीपर्यंत अजून चार वर्षं करायचं होतं. ती चार वर्षं तिला हल्ली चाळीससारखी वाटत.

मोठ्या माणसाची नजर तपासायला भिंतीवर तक्ता लावतात. खालची ओळ वाचा म्हटलं की तो वाचतो, नाहीतर चष्मा घेतो. चार महिन्यांच्या बाळाला काय सांगणार? त्याला अक्षर कळत नाही, चित्र ओळखता येत नाही, आणि दिसतंय का म्हणून विचारलं तर ते फार तर जांभई देतं. शास्त्रज्ञांनी यावर तोडगा काढला, तो डोळ्यांच्या एका जुन्या खोडीचा फायदा घेऊन. समोरून काही सरकायला लागलं की डोळे आपोआप त्याच्या मागे जातात. चालत्या एसटीत खिडकीशी बसलेल्या माणसाचे डोळे बघा, विजेचा खांब आला की ते त्याच्याबरोबर मागे जातात, मग झटकन पुढच्या खांबावर येतात. त्याची इच्छा कुणी विचारत नाही.

यंत्राच्या पडद्यावर काळे-पांढरे पट्टे डावीकडून उजवीकडे सरकत, मग उजवीकडून डावीकडे. वर उंच दांडीवरचा कॅमेरा बाळाच्या बुबुळांचा माग काढी. हळूहळू पट्टे बारीक होत जात. दिसतात तोवर डोळे त्यांच्या तालात फिरत. शेवटी पट्टे इतके बारीक होत की बाळाला नुसता राखाडी पडदाच दिसे, आणि डोळे थांबत. कुठे थांबले त्यावरून शंभरातला एक अंक निघे. तो दृष्टिअंक बाळाच्या नावासमोर थेट राज्याच्या नोंदीत जाई. त्यात बाळाने काही बोलायला नको, आईने काही सांगायला नको, आणि तपासणाऱ्या बाईला काय वाटतं हे तर कुणी विचारायलाच नको. पूर्वी हेमलता लाल लोकरीचा गोंडा हलवून बाळं तपासायची आणि वहीत ‘मला शंका वाटते’ असं लिहायची. आता तसं लिहायला जागाच ठेवलेली नव्हती.

सुरुवातीला यंत्र दर तीन बाळांमागे एक नापास करायचं. नजरेत नव्हे, शांत बसण्यात. ‘मोजणी अपूर्ण’ असं तांबड्या अक्षरांत यायचं आणि आई बिचारी सात मैल पुन्हा चालत यायची. मग हेमलताने आयांना सांगायला सुरुवात केली, “पट्टे जातील तशी मांडी झुलवा. डावीकडे गेले की डावीकडं, उजवीकडे गेले की उजवीकडं.” बाळाला मांडीवर घेऊन झुलवायला इकडच्या बाईला शिकवावं लागत नाही. बाळं गप्प झाली आणि तांबडी अक्षरं बंद झाली. जिल्ह्यात तिचा पहिला नंबर आला, शाल-श्रीफळ मिळालं, आणि पुढच्या वर्षी सगळ्या सेविकांच्या प्रशिक्षणात ही युक्ती शिकवली गेली. खात्यात तिला ‘शिंत्रे पद्धत’ म्हणत. हेमलताला ते आवडायचं, का आवडू नये?

विसावं बाळ यादीत नव्हतं. हेमलताची धाकटी बहीण शालन दारात उभी होती, आणि तिच्यामागे कडेवर रेवाला घेऊन सून कोमल.

“आक्का, एवढी हिला बघ, मग आमी जातो,” शालन म्हणाली.

कोमल ही दोघींच्या भावाची मुलगी. इकडे मामाची मुलगी करायची चाल अजून गेलेली नाही. शालनने आपल्या मुलासाठी भावाकडेच शब्द टाकला होता. त्यामुळे कोमलला सासूही आत्या आणि हेमलताही आत्या. रेवा आता अकरा महिन्यांची होती. चौथ्या महिन्यात हेमलतानेच तिचा अंक काढला होता. एक्क्याण्णव.

कोमल याआधी दोनदा येऊन गेली होती. दोन्ही वेळा तिने एकच सांगितलं, “आत्या, ती माझ्याकडं बघत न्हाई. बोलले की हसती, पण गप उभी ऱ्हायले तर मी हाय का न्हाई ते तिला कळत न्हाई.” आणि दोन्ही वेळा हेमलताने तिला अंक दाखवला होता. दुसऱ्या खेपेला तर वर उपदेशही केला होता की मोबाईल बाजूला ठेव, पोरीला वेळ दे, आईने जीव लावला की मूल आपोआप बघतं. तो उपदेश घरी पोचला आणि घराने तो उचलून धरला. पोरगी गुंतत नाही, कारण आईच पोरीत गुंतत नाही. हे बोलण्यात शालनच सगळ्यांत पुढे होती.

“आता काय झालं?” हेमलताने विचारलं.

शालन खाली बघत म्हणाली, “काल औक्षण केलं तिचं. निरांजन डोळ्यांपुढनं फिरवलं. तिनं बघितलंच न्हाई, आक्का. ऊब लागली तवा तोंड फिरवलं. मी तीनदा फिरवलं. तिन्ही बारीला तसंच.”

हेमलताने स्टूल पुढे ओढलं. तिने यंत्र सुरू केलं. कोमल स्टुलावर बसली, रेवाला मांडीवर घेतलं आणि पट्टे सुरू होताच सवयीने झुलवू लागली. हेमलताच्या हातातल्या, यंत्राला जोडलेल्या पाटीवर डोळ्यांच्या हालचालीची हिरवी रेघ उमटायला लागली. वर, खाली, वर, खाली. तालात आणि छान. हेमलताच्या छातीवरचं ओझं उतरलं, आणि त्याचबरोबर रागही आला. आपण थकलोय, ही पोरगी वेडी झालीय, आणि ही शहाणी बहीण निरांजनावरून निदान करतेय.

रेवाच्या नाकाला शेंबूड आला होता. शालन पुढे झाली आणि पडद्यासमोर उकिडवी बसून पदराने नाक पुसू लागली. तिच्या धिप्पाड पाठीने बाळापुढचा सगळा पडदा झाकला गेला.

“अगं बाजूला हो,” असं म्हणायला हेमलताने तोंड उघडलं, आणि ते उघडंच राहिलं. हिरवी रेघ चालूच होती. वर, खाली, वर, खाली. बाळासमोर पट्टे नव्हते, लुगड्याचा जांभळा पदर होता. आणि शालनच्या डोक्यावरून पडद्याकडे बघत कोमल झुलत होती.

“कोमल,” हेमलता म्हणाली, “मांडी थांबव.”

कोमल थांबली. रेघ आडवी झाली.

“शालन, बाजूला हो.” शालन सरकली. हेमलताने मोजणी पहिल्यापासून लावली. समोर आता सगळ्यांत जाड पट्टे होते, वीतभर रुंदीचे, म्हशीलाही दिसतील असे. रेघ आडवीच. “आता झुलव.” रेघ उठली.

 हे तिला कुणी शिकवायला नको होतं. पंचवीस वर्षांपूर्वी प्रशिक्षणात हेच तोंडपाठ करून ती पास झाली होती. डोकं डावीकडे वळलं की डोळे आपोआप उजवीकडे वळतात, म्हणजे नजर एका जागी राहते. ही व्यवस्था कानाच्या आतल्या तोल सांभाळणाऱ्या अवयवाची. तिला उजेड लागत नाही. ठार आंधळ्या बाळालाही झुलवलं तर त्याचे डोळे तालात हलतात. आणि बाळांचे डोळे उशिरा वळतात म्हणून यंत्र फक्त ताल जुळतो का ते बघतं, मागे-पुढे किंवा उलट झालेलं सगळं समजुतीने चालवून घेतं. पट्टे आईला दिसत होते. पट्ट्यांबरोबर आई झुलत होती. पट्टे बारीक होऊन दिसेनासे झाले की आईची मांडी मंदावत होती. तो एक्क्याण्णव अंक कोमलचा होता.

रेवाला मांडीवर अगदी स्थिर धरून मोजणी पुन्हा केली. ती रडली, थांबली, पुन्हा रडली. दीड तास गेला. अंक आला तीन. पडद्याचा उजेड आणि अंधार एवढाच फरक तिच्या डोळ्यांना कळत असावा.

“आत्या,” कोमल म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता. “मी सांगत हुते तवा का न्हाई ऐकलंस?”

हेमलताजवळ उत्तर होतं, आणि ते सांगण्यासारखं नव्हतं. सहाव्या महिन्यात रेवाला कडेवर घेतलं तेव्हा तिच्याही मनात पाल चुकचुकली होती. पण अंक एक्क्याण्णव होता आणि पद्धत तिची स्वतःची होती.

दुसऱ्या दिवशी ती करंजपेठच्या तालुका रुग्णालयात डॉ. सरनोबतांसमोर बसली. सरनोबत तिशीचा, डोळ्यांखाली काळी वर्तुळं असलेला, भला माणूस. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला.

बरोबर आणलेल्या रेवाचे डोळे तपासून आजार त्याने लगेच ओळखला. डोळ्याच्या पडद्यात उजेड पकडणाऱ्या पेशी असतात. त्यांना लागणारं एक प्रथिन बनवायची सूचना ज्या जनुकात असते, ते जनुक आईकडून आणि बापाकडून दोन्हीकडून बिघडलेलं आलं की पेशी मुक्या होतात. नात्यातली लग्नं जिथे जास्त, तिथे हा आजार जास्त. आणि आता त्यावर औषध होतं. निरुपद्रवी केलेल्या विषाणूत चांगलं जनुक घालून ते पडद्यामागे थेंबभर सोडायचं. पुण्याला दर आठवड्याला दोन-तीन बाळांना देत होते. अट एकच, वर्षाच्या आत. त्यानंतर डोळा दुरुस्त झाला तरी मेंदूला बघायला शिकवता येत नाही, म्हणून पहिला वाढदिवस उलटला की अर्जच उघडत नसे.

“रेवाला तीन आठवडे आहेत,” सरनोबत म्हणाला. “आज अर्ज गेला तर पंधरा-सोळा दिवसांत नंबर लागेल; आठ-दहा दिवसच उरलेलं बाळ असलं तर त्याला आधी घेतात. फक्त जुना अंक रद्द करायचं कारण लिहावं लागतं.”

“खरं कारण लिहिलं तर?”

“तर ते एका बाळाचं राहत नाही, मावशी. तुमची पद्धत राज्यभर शिकवलीय. सगळे अंक गोठवतील, चौकशी बसेल. मागे कॅमेऱ्याची तक्रार झाली तेव्हा पाच महिने काही हललं नव्हतं. पुण्याची यादी त्या अंकांवरच चालते. ती थांबेल, रेवासकट.”

“आणि नाही लिहिलं तर?”

सरनोबतने खिडकीबाहेर बघितलं. “तर कुठेतरी एखादं बाळ असेल, ज्याला अंक आहे आणि नजर नाही. त्याचेही दिवस जात असतील.” मग तो म्हणाला, “मी तुम्हाला काही सांगणार नाही. मला सांगता येत नाही.”

बाहेर बाकावर शालन बसली होती. तिला अर्धंच कळलं होतं, पण जेवढं कळलं तेवढं पुरेसं होतं. तिने हेमलताचे दोन्ही हात धरले. “आक्का, पंधरा दिस. पंधरा दिस गप ऱ्हा. मग काय लिवायचं ते लिव. मी सोताच्या तोंडानं त्या पोरीला नको नको ते बोलले गं. मला हे एवढं फेडू दे.”

हेमलता आत गेली आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं, ‘कॅमेऱ्याच्या भिंगावर धूळ.’  सरळ लिहिलं. थकलेल्या माणसाला खोटं लिहायला फारसे कष्ट पडत नाहीत, हे तिला त्या दिवशी कळलं.

मनाला तिने एक समजूत घातली. सगळ्या राज्याचं माझ्या हातात नाही, पण माझी एकतीस गावं आहेत. तिने वर्षाच्या आतल्या बाळांची यादी काढली. दोनशे सहा. वाढदिवस जवळ आलेल्यांच्या वाड्या आधी, बाकीच्या मागून. यंत्र पाठीला लावून ती निघाली. विचारलं की सांगायची, यंत्रात सुधारणा झालीय, पुन्हा मोजतोय. आया झुलवायला लागल्या की म्हणायची, “झुलवू नका, नुसतं धरा.”

“तुमीच सांगितलं हुतं की, झुलवा म्हणून!”

“हो. आता नका.”

न झुलवता एक बाळ मोजायला तासभर लागे. रडणं, पाजणं, पुन्हा धरणं. दिवसाला बारा, कधी चौदा. पायांना फोड आले. घरी आली की भाकरी करायचंही त्राण नसे; दूध-पोहे खाऊन झोपायची. पण प्रत्येक वाडीवर रेघ नीट उठायची, अंक जुन्याच्या आसपास यायचा, आणि तिच्या जिवात जीव यायचा. ऐंशी झाली, शंभर झाली. एकही सापडलं नाही. कदाचित रेवाच एकटी असेल, असं ती स्वतःशी म्हणायला लागली.

पाचव्या दिवशी ती भोगमाळला गेली होती. तिथलं एकच घर यादीत होतं, सारिका पोवारचं. मुलगा मल्हार, नऊ दिवसांनी वर्षाचा होणारा. जुना अंक अठ्ठ्याऐंशी. घराला कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, माहेरी गेलीय, यात्रेला, येईल आठ-दहा दिवसांनी. हेमलताने सारिकाचा नंबर काढला. फोन लावला, एकदा वाजला, आणि तिने तो कापला. काय सांगणार? यात्रा सोडून ये म्हटलं तर ती विचारेल का; का ते सांगितलं तर संध्याकाळपर्यंत तालुकाभर होईल, आणि रेवाचा पुण्याचा नंबर लागायला अजून अकरा दिवस होते. तोवरच्या चाळीस बाळांत एक सापडलं नव्हतं, हेच नेमकं कशाला असेल? तिने नावासमोर ‘घर बंद’ अशी खूण केली आणि पुढच्या वाडीची वाट धरली.

सोळाव्या दिवशी रेवाच्या दोन्ही डोळ्यांत औषध गेलं. कोमलने पुण्याहून फोन केला. “झालं, आत्या,” एवढंच बोलली. त्याच दुपारी हेमलताने चार पानी अहवाल पाठवला. युक्ती कुणाची, चूक कशी होते, आपल्याला केव्हा कळली, भिंगावर धूळ नव्हती, सगळं. तास झाला नाही तोवर राज्यातले सगळे अंक गोठले. दुसऱ्या दिवशी तिच्या निलंबनाचं पत्र आलं. यंत्र तीन दिवसांत जमा करा. ते वाचून तिला वाईट वाटायला हवं होतं. पण आता चालायला नको, एवढाच विचार आधी मनात आला.

यादीत एकच खूण उरली होती. अठराव्या दिवशी सकाळी ती भोगमाळला गेली.

या वेळी दार उघडं होतं. भिंतीवर रंगीत कागदाच्या झिरमिळ्या लोंबत होत्या, कोपऱ्यात दोन-तीन सुकलेले फुगे. सारिका हसतमुख, बोलकी बाई. “या की, बाई! दमलायसा. चार दिस झालं, मल्हारचा वाढदिवस केला. माहेरचं सगळं आलं हुतं. थांबा, लाडू देतो.” मल्हार जमिनीवर बसून वाटी आपटत होता. वाटी हातातून निसटून वीतभर लांब गेली. तो तिच्या आवाजाच्या दिशेने हात फिरवत राहिला, आधी उजवीकडे, मग डावीकडे. हेमलता उंबऱ्यातच उभी राहिली. यंत्र उघडायची गरज नव्हती. तरी तिने उघडलं.

सारिकाने त्याला स्थिर धरलं. तो रडलाही नाही, गुणी पोर. जाड पट्टे गेले, आले, गेले. रेघ एकदाही उठली नाही. हेमलताने तीनदा मोजलं. मग पडदा बंद केला आणि सारिकाच्या समोर जमिनीवर बसली.

तिने सगळं सांगितलं. न अडखळता, सोप्या शब्दांत. अठ्ठ्याऐंशी अंक मल्हारचा नव्हता, तुझा होता. झुलवा म्हणून मी सांगितलं, त्यामुळे हे झालं. त्याला फक्त उजेड कळतो. सारिका ऐकत होती. तिचं हसू लगेच गेलं नाही. काय करावं न कळून तसंच चेहऱ्यावर राहिलं, आणि मग हळूहळू उतरलं.

“औषध हाय म्हणं पुण्याला,” ती म्हणाली. “टीव्हीवर बगितलंय मी.”

“वर्षाच्या आत देतात.”

“चारच दिस झाल्यात की, बाई. चार दिसांनी काय हुतंय? तुमी सांगा त्यास्नी.”

“अर्ज घेत नाहीत, सारिका. मी काल विचारलं होतं, असं कुणी निघालं तर म्हणून. दोन ठिकाणी विचारलं. पुन्हा विचारते, सरनोबत डॉक्टरांनाही विचारायला लावते. पण खोटी आशा देत नाही.”

सारिकाने मल्हारला छातीशी धरलं.  बाहेर कुणीतरी म्हैस हाकत गेलं. मग तिने मान वर केली आणि शांतपणे, खरंच समजून घ्यायचं असल्यासारखं विचारलं, “ही झुलवायची चूक तुमास्नी कवा कळली?”

‘आत्ताच’ म्हणायला हेमलताला काही अडचण नव्हती. अहवालात काय लिहिलंय ते भोगमाळपर्यंत कधीच पोचलं नसतं. शालनने ‘आत्ताच’ असंच सांगितलं असतं, कदाचित सरनोबतनेही. हेमलताने सारिकाच्या डोळ्यांकडे बघितलं. ते डोळे अगदी नीट बघत होते.

“अठरा दिवस झाले,” ती म्हणाली. “पाचव्या दिवशी मी इथं येऊन गेले. कुलूप होतं. तुला फोन लावला आणि मीच कापला.”